'ढ' म्हणून कोणी जन्माला येत नाही

वर्षावास सुरू झाला की आमच्या धुळ्याच्या वस्तीतील विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या वर्षावासातील ही गोष्ट. वाचन आटोपले, सरणत्तय झाले, लोक दारातल्या चपला शोधू लागले. इतक्यात जिनिंगमध्ये रोजाने जाणाऱ्या एका माउलीने आम्हाला अडवले.

"नाना, पोर येडास्नं शिकी ऱ्हायनी म्हंतस लोके. आते तिले नोकरी कोठे लागी?"

तिची मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय मानसशास्त्र. शेजारणी चिडवीत होत्या, की पोरगी वेड्यांचे शिकते आहे. मुलीचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. माउलीच्या प्रश्नात थट्टा नव्हती, पोटातली भीती होती. आपल्या घरात एका लेकराच्या शिक्षणावर साऱ्या घराची उमेद लागलेली असते. ती वाया तर जाणार नाही ना, एवढेच तिला विचारायचे होते.

त्या रात्री आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही बी. कॉम. झालेले, कचेरीत कारकुनी करणारे. खतावणी आणि ताळेबंद आम्हाला कळतो. मानसशास्त्र म्हणजे काय, हे आम्हालाही धड ठाऊक नव्हते. म्हणून त्या मुलीकडूनच पुस्तके मागून घेतली आणि रोज रात्री थोडी थोडी वाचली. अडले तिथे तिला विचारले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. हे वाचताना आमची स्वतःची एक जुनी चूक आम्हाला सापडली. तीही लपवणार नाही.

वेड्यांचे शास्त्र नव्हे, शिकण्याचे शास्त्र

मानसशास्त्र म्हणजे माणसाच्या मनाचा आणि वर्तनाचा अभ्यास. मनाचे आजार हा त्यातला एक भाग झाला. बी. ए.च्या पुस्तकात 'अध्ययन' नावाचे एक मोठे प्रकरण असते. अध्ययन म्हणजे शिकणे. माणूस चालायला, बोलायला, सायकल चालवायला, पाढे म्हणायला कसा शिकतो, तसाच भ्यायला, लाजायला, मागे बसायला कसा शिकतो, हे सारे त्यात येते.

शेवटची तीन आम्ही मुद्दाम लिहिली. भीती आणि लाज या गोष्टी माणूस शिकतो, हे वाचून आम्ही थबकलो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात आपल्या साताऱ्याच्या शाळेची हकीकत सांगितली आहे. बसायला वेगळे गोणपाट. ते शाळा झाडणारा नोकर शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. तहान लागली तर शिपाई असेल तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. त्या शाळेत गणित आणि भाषा शिकवली जात होती, हे खरे. पण त्याबरोबर आणखी एक धडा रोज शिकवला जात होता, तो म्हणजे तू वेगळा आहेस, तू खालचा आहेस. मास्तरांनी फळ्यावर न लिहिलेला हा धडा मुलाच्या मनात कसा उतरतो, याचाच अभ्यास हे शास्त्र करते.

कुत्रा, ससा आणि गणिताचा तास

रशियातील इव्हान पावलोव्ह या शास्त्रज्ञाला पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांच्या ध्यानात आले, की अन्न तोंडात पडण्याआधीच, नुसती चाहूल लागली तरी कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मग त्यांनी अन्न देण्याआधी ठरावीक आवाज करायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच लाळ सुटू लागली. आवाजाचा आणि अन्नाचा मुळात काही संबंध नाही. तो संबंध कुत्र्याने शिकून घेतला. याला अभिजात अभिसंधान म्हणतात.

भीतीचेही असेच होते. अमेरिकेतील वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकारी रोझाली रेनर यांनी १९२० साली एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल आधी पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. उंदीर पुढे आला, की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करीत. काही खेपांनंतर उंदीर नुसता दिसला तरी मूल रडू लागले. पुढे सशालाही भ्याले. आज असा प्रयोग करू देणार नाहीत आणि देऊही नये. मात्र जे त्या मुलाचे झाले ते आपल्या कितीतरी मुलांचे शाळेत होते. गणिताच्या तासाला छडी बसली, वर्गासमोर हसू झाले, की छडीची भीती गणिताला चिकटते. मग पुस्तक उघडले तरी घशाला कोरड पडते. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखते. आपण म्हणतो, पोरगा नाटक करतो. पोरगा नाटक करीत नसतो. त्याचे शरीर शिकलेला धडा म्हणून दाखवीत असते.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सुमारे तीन वर्षांच्या एका मुलाच्या मनातली सशाची भीती घालवली. मूल आवडीचे खात असताना ससा आधी दूर ठेवला. मग रोज थोडा थोडा जवळ आणला. घाई केली नाही, जबरदस्ती केली नाही. अखेरीस ते मूल सशाला हात लावू लागले. म्हणजे जे शिकले गेले ते पुसताही येते. आम्हाला यात मोठा दिलासा वाटतो.

मांजर, पेटी आणि छडी

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन विद्वानाने १८९८ साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेल्या मांजराला पेटीत ठेवायचे आणि बाहेर मासळी. आतली दोरी ओढली किंवा कळ दाबली, की दार उघडे. मांजर आधी ओरबाडते, धडपडते आणि योगायोगाने दार उघडते. दर खेपेला वेळ कमी कमी लागतो. यालाच प्रयत्न-प्रमाद पद्धती म्हणतात. ज्या कृतीचे फळ चांगले, ती कृती पक्की होते, हा त्यांचा नियम. याच थॉर्नडाइकनी पुढे १९३० नंतरच्या काळात आपल्या नियमात दुरुस्ती केली. बक्षिसाने बरोबर गोष्ट जितकी पक्की होते, तितकी शिक्षेने चुकीची गोष्ट पुसली जात नाही, असे त्यांना आढळले. छडी हातात असलेल्या प्रत्येक मास्तराने आणि बापाने हे वाचावे.

स्किनर हे पुढचे नाव. उंदराने दांडी दाबली की खायला मिळते, अशी पेटी त्यांनी केली आणि प्रबलनाचे नियम शोधले. प्रबलन म्हणजे एखादी कृती पुन्हा करावीशी वाटेल असे तिचे फळ मिळणे. त्यांची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. १९५३ साली ते बाप म्हणून आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेले. पाहतात तो काय, काही मुलांची गणिते झटकन उरकून ती रिकामी बसलेली. काही मुले पहिल्याच गणितावर अडलेली. आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे दुसऱ्या दिवशी वही तपासून येईपर्यंत कोणालाच कळत नव्हते. स्किनरना वाटले, आम्ही उंदराला याहून बरे शिकवतो. मग त्यांनी लहान लहान पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला लगेच उत्तर, अशी शिकवण्याची पद्धत मांडली.

कोलंबियातील दोन माणसे

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच काळात थॉर्नडाइक त्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक होते. शिकण्याचे नियम शोधणारा हा विद्वान दुसरीकडे बुद्धी ही मुख्यतः रक्तातून, वंशातून येते असे मानणारा होता. वंशशुद्धीच्या विचाराचा तो पुरस्कर्ता होता. त्याच आवारात, ज्याच्या जातीला पिढ्यान् पिढ्या अक्षर शिकू दिले नव्हते असा एक तरुण, ग्रंथालयात दिवसरात्र वाचीत बसलेला होता. वंशावरून बुद्धी ठरते म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते हवे? पुढे १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी जातीची वंशशुद्धीच्या नावाने केलेली भलामण खोडून काढली. आणि टीचर्स कॉलेजने २०२० साली आपल्या इमारतीवरील थॉर्नडाइक यांचे नाव उतरवले.

याचा अर्थ थॉर्नडाइकची मांजरे खोटी असा नव्हे. प्रयोग खरा असू शकतो आणि प्रयोग करणाऱ्याच्या मनात जात-वंशाचा मळही असू शकतो. म्हणूनच हे शास्त्र वाचायला आपली मुले-मुली हवीत. त्याच विद्यापीठात जॉन ड्यूई हेही होते. करीत करीत शिकण्यावर त्यांनी भर दिला. त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आमची चूक

विहारात दर रविवारी आम्ही मुलांची अभ्यासिका चालवतो. वर्षानुवर्षे आमची एक पद्धत होती. चाचणी घ्यायची आणि सर्वांचे गुण मोठ्याने वाचायचे. कमी गुणवाल्याला उभे करायचे. हेतू वाईट नव्हता. लाज वाटली की पोर अभ्यासाला लागेल, असे आम्हाला वाटे. आम्हीही तसेच शिकलो होतो.

सहावीतला एक मुलगा सतत शेवटून पहिला. पोरे त्याला 'ढ' म्हणत आणि आम्हीही कधी हसून सोडून देत असू. एका रविवारपासून तो यायचाच बंद झाला. आम्ही म्हटले, आळशी आहे.

हे ऐकून ती मुलगी आम्हाला म्हणाली, "नाना, राग मानू नका. तुम्ही त्याला लसावि शिकवत नव्हते. रविवारला घाबरायला शिकवत होते."

आम्ही गप्प राहिलो. मग तिने आम्हाला एक प्रयोग वाचायला दिला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक बाईंनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांवर तो केला आणि २००६ साली तो अर्थशास्त्राच्या नामांकित अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. एक सोडवला की एक रुपया. मुले उच्च जातींतील आणि दलित, निम्मी निम्मी. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळजवळ सारखीच कामगिरी केली. मग दुसऱ्या तुकड्यांत चक्रव्यूह सोडवण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली. तेव्हा दलित मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. मुले तशीच होती आणि कोडीही त्याच धर्तीची. बदलली ती एकच गोष्ट. कोणीतरी त्यांच्यावरचा शिक्का सर्वांसमोर वाचून दाखवला होता.

परक्यांनी जातीचा शिक्का वाचला आणि आम्ही आमच्याच विहारात, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, 'ढ'चा शिक्का वाचीत होतो. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही. पण लिहिले पाहिजे, कारण ही चूक आमच्या एकट्याची नाही. आपल्या किती घरांत 'तुझ्याच्याने व्हायचे नाही' हे वाक्य रोज उच्चारले जाते, ते ज्याचे त्याने मोजावे.

दार उघडे असूनही

अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना विजेचे धक्के बसत. काहीही केले तरी ते थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले, की मधली बुटकी भिंत ओलांडली तर सुटका. बहुतेक कुत्र्यांनी उडी मारलीच नाही. कण्हत पडून राहिले. वाट मोकळी असूनही. याला शिकलेली असहायता असे नाव पडले.

गुलामाला गुलामीची सवय का होते, हे समजायला हा प्रयोग उपयोगी आहे, असे आम्हाला वाटले. परंतु गोष्ट इथे संपत नाही. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे जाहीर केले, की आम्ही नियम उलटा वाचला होता. दीर्घकाळ त्रास झाला की हातपाय गळणे हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे. तो शिकावा लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, म्हणजे आपल्या करण्याने फरक पडतो ही. ती एकदा शिकली, की पुढच्या संकटात हातपाय गळत नाहीत.

मग पडून राहिलेल्या कुत्र्यांचे काय झाले? त्यांना पट्टा धरून भिंतीपलीकडे ओढून न्यावे लागले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पलीकडे गेले की त्रास थांबतो, हे अनुभवाने पटले तेव्हा ती आपली आपण उडी मारू लागली. नुसते सांगून भागले नाही.

आम्हाला महाडची आठवण झाली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब नुसते भाषण करून थांबले नाहीत. लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. आपल्या करण्याने फरक पडतो, हे हजारो लोकांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने शिकून घेतले. हा अर्थ आम्ही लावतो, शास्त्रज्ञांनी नव्हे. पण तो चुकीचा आहे असे आम्हाला वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मन घट्ट करा म्हणजे सारे होईल, असा उपदेश करणारे आज पुष्कळ झाले आहेत. पेटीचे दार बंद असेल तर उडी मारायला सांगणे ही क्रूर थट्टा होय. शाळेत शिक्षक हवा, घरात दिवा हवा, फी भरायला शिष्यवृत्ती हवी. दार उघडण्याचा लढा आणि उडी मारण्याचे शिक्षण, दोन्ही बरोबरच चालले पाहिजेत.

आरशातली चांदणी

आता त्या मुलाचे सांगतो. मुलीच्या कॉलेजात एक प्रात्यक्षिक असते. कागदावर दोन रेघांची चांदणी छापलेली. तिच्यावर आडपडदा धरतात, म्हणजे हात आणि कागद सरळ दिसत नाही. समोरच्या आरशात पाहून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सारे उलटे दिसते, त्यामुळे हात भलतीकडेच जातो. दर खेपेला लागलेला वेळ आणि चुका लिहून ठेवायच्या आणि त्यावरून आलेख काढायचा. त्याला अध्ययन वक्र म्हणतात.

एका रविवारी तिने आरसा आणि पुठ्ठा विहारात आणला. त्या मुलाला त्याच्या आईकरवी बोलावून घेतले. पहिला नंबर आमचा लावला. वीस वर्षे कचेरीत लिहिण्यात गेलेला हा हात, पण पेन्सिल दर कोपऱ्यावर रेघेबाहेर. पोरे पोट धरून हसली. मग पहिल्या नंबरच्या मुलीने केले, तिचेही तसेच. मग या मुलाने केले, त्याचेही तसेच. आरशापुढे हुशार कोणी नव्हता आणि ढही कोणी नव्हता. पहिल्या खेपेला सगळेच चुकत होते.

प्रत्येकाच्या दहा खेपा झाल्या. ताईने, पोरे तिला ताई म्हणतात, आलेखाच्या कागदावर प्रत्येकाची रेघ काढून दिली. रेघ वरून खाली उतरत जाते, म्हणजे चुका कमी होत जातात. त्या मुलाने आपला कागद हातात धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग विचारले, "ताई, गणिताचीबी अशी रेघ निघते का?"

त्या दिवसापासून अभ्यासिकेत गुण मोठ्याने वाचणे बंद झाले. आता प्रत्येक मुलाच्या वहीत मागच्या पानावर त्याची स्वतःची रेघ असते. दुसऱ्याशी तुलना नाही. मागच्या रविवारचा मी आणि आजचा मी. तो मुलगा परत येऊ लागला. त्याचा पहिला नंबर आला असे आम्ही सांगणार नाही, कारण आला नाही. पण लसावि येतो आणि रविवारी सकाळी पोट दुखत नाही, असे त्याची आई सांगते.

घरात काय करता येईल

पहिले, शिक्का मारणारे शब्द बंद. 'मठ्ठ आहेस' याऐवजी 'हे गणित अजून जमले नाही' असे म्हणावे. मारणे तर कायद्यानेही बंद आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे.

दुसरे, काम लहान तुकड्यांत द्यावे आणि बरोबर झाल्यावर लगेच सांगावे. महिन्याने सायकल देण्यापेक्षा आत्ता 'हे छान केलेस' म्हणणे मोलाचे.

तिसरे, नुसते वाचीत बसू नये. धडा वाचून पुस्तक मिटावे आणि काय आठवते ते सांगावे किंवा लिहावे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवले, की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून पाहणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहते. अक्षर न येणारी आईसुद्धा हे करून घेऊ शकते. "आज काय शिकलास ते मला सांग," एवढे म्हटले की झाले.

चौथे, मुले ऐकून कमी आणि पाहून जास्त शिकतात. बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्या माणसाने रबरी बाहुलीला बदडलेले मुलांनी पाहिले आणि नंतर स्वतः तसेच बदडले. घरात दारू पिऊन शिव्या दिल्या तर मूल तेच शिकेल. बापाने रोज दहा मिनिटे पेपर वाचला तर तेही शिकेल. पंचशील पाठ करून घेण्याआधी पाळून दाखवावे लागते ते यासाठीच. अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम याहून वेगळे काय सांगतो? वाईट सवय लागू देऊ नये, लागली असेल तर सोडावी, चांगली लावावी, लागलेली टिकवावी. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी मनाच्या मशागतीचे हे चार भाग सांगून ठेवले आहेत.

नोकरी कोठे लागी?

आता माउलीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे विद्यापीठ १९९० साली जळगावला स्थापन झाले. धुळ्याहून एस. टी.ने जळगावला जाताना महामार्गालगत ते दिसते. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. असोद्याच्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी माणसाच्या मनाविषयी तिने जे सांगितले ते विद्वानांनाही सुचले नाही. शाळा मिळाली नाही म्हणजे बुद्धी नाही असे नव्हे, याची खूण म्हणून ते नाव आम्हाला प्रिय आहे.

या विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत बी. ए.ला मानसशास्त्र घेता येते. ज्यांना रोज कॉलेजला जाणे जमत नसे त्यांना २०२५ पर्यंत इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून घरी राहून एम. ए.ला प्रवेश घेता येत होता. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना हा विषय टाळताच येत नाही. डी. एल. एड. आणि बी. एड.ला तो आहेच, शिवाय शिक्षक पात्रता परीक्षेच्या १५० प्रश्नांपैकी ३० प्रश्न बालमानसशास्त्र आणि अध्यापनाचे असतात. पुढे शाळेतील समुपदेशक, समाजकार्य, बालकल्याण, कारखान्यांतील मनुष्यबळ विभाग, अशा वाटा आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर मात्र एम. ए.वर भागत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला पुढचा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. त्या जागा थोड्या आणि अभ्यास मोठा. हे आधीच सांगितलेले बरे.

पैशाचे म्हणाल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपल्या हक्काची आहे. ही योजना १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. अर्ज वेळेत भरावा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला जूनपूर्वीच काढून ठेवावा. कारकून म्हणून सांगतो, आपली निम्मी प्रकरणे कागदापायी अडतात.

पण माउलीला आम्ही शेवटी नोकरीचे उत्तर दिलेच नाही. तिला त्या मुलाची वही दाखवली. मागचे पान उघडून उतरत गेलेल्या रेघेवर तिचे बोट ठेवले आणि सांगितले, "ताई, हे तुझ्या पोरीने केले. हा पोरगा आम्ही गमावला होता. तिने परत आणला."

माउलीला आलेख वाचता येत नाही. पण ती रेघ कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे तिने बोटाने नीट पाहिले. दुसऱ्या दिवशी शेजारणीने पुन्हा छेडले तेव्हा ती म्हणाली म्हणे, "पोर येडास्नं नही, शानं करानं शिकी ऱ्हायनी."

बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांत पहिला शब्द 'शिका' हा आहे. तो आपण पाठ केला. आता माणूस शिकतो कसा, हेही आपल्या मुला-मुलींनी विद्यापीठात जाऊन शिकावे आणि शिकून पुन्हा वस्तीत यावे. विहारातला आरसा आम्ही तिथेच ठेवला आहे. ज्यांना आपल्या लेकराला 'ढ' म्हणावेसे वाटेल त्यांनी रविवारी यावे आणि आधी स्वतः चांदणी काढून पाहावी.

जयभीम!